बी विंग, सोमवार सकाळ: लिफ्ट बंद आहे

बी ७०३: लिफ्ट किती वाजता सुरू होणार आहे? अंदाजे सांगा. सातव्या मजल्यावर अडकलोय.

सेक्रेटरी: शुक्रवारीच नोटीस टाकली होती. सर्व्हिसिंग, सकाळी ९ ते १. ग्रुपवरचे मेसेज वाचत चला.

बी ७०३: शुक्रवारी रात्री भंडारदऱ्याच्या वाटेवर होतो हो. 🙏

बी ४०४: रात्री चिखलाची सायकल लिफ्टमधून नेली ती तुम्हीच ना? म्हणूनच बंद पडली असणार.

सेक्रेटरी: बंद पडलेली नाही, बंद ठेवलीय. चिखलाचं मात्र खरंय. सकाळी मावशींनी दोनदा पुसलं.

बी ७०३: चिखलाबद्दल माफी. खाली धुवायची ताकदच नव्हती. मावशींशी बोलतो, आधी खाली तर येऊ दे.

बी २०१ (काकू): अरे पण झालं काय? तरणाताठा माणूस तू, सात मजले उतरवत नाहीत?

बी ७०३: काकू, शनिवारी सायकलवर धरणाला पूर्ण वळसा मारला. शेंडी, मुरशेत, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि परत शेंडी. ४० किलोमीटरच्या वर. वाटलं होतं, पाण्याच्या कडेकडेने रस्ता, म्हणजे सपाट असेल. कसला सपाट! ओढा आला की खाली आणि ओढा संपला की वर. साम्रदच्या पुढे खडी इतकी उखडलेली की हँडल धरून धरून हात बधिर झाले. त्यात मित्राची एमटीबी (माउंटन बाइक) मागून आणलेली, सीट माझ्यासाठी दोन बोटं खाली. आळस केला, वर घेतली नाही. रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळापाशी उतरलो तेव्हा गुडघ्याची वाटी ठणकत होती.

बी ६०२: घाटघरचा कडा दिसला का?

बी ७०३: नुसतं धुकं. पण तिथला वीज प्रकल्प मित्राने समजावून सांगितला. २५० मेगावॅटचा. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या जलाशयातलं पाणी पंपाने वर चढवतात, मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज काढतात.

सेक्रेटरी: आपल्या गच्चीवरच्या टाकीसारखंच की. फक्त आपल्याला वीज मिळत नाही, बिल येतं.

बी ४०४: आणि रविवारी?

बी ७०३: रविवारी कळसूबाई. 😐 बारी गावातून. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. लोखंडी शिड्यांवर गर्दी असते म्हणून पहाटे निघालो. चढताना काही त्रास नाही, उलट रुबाबात होतो. वरच्या देवळापाशी धुकं फाटलं आणि पाच मिनिटं अलंग, मदन, कुलंग हे तिन्ही किल्ले ओळीने समोर. शनिवारचं सगळं वसूल. मग उतरायला लागलो. अर्ध्यात मांड्या थरथरायला लागल्या, शिडीवर पाय माझे आहेत की दुसऱ्याचे ते कळेना. शेवटी एक आजोबा डोक्यावर गवताचा भारा घेऊन मागून आले आणि ‘सरका जरा’ म्हणून पुढे निघून गेले.

बी ५०१: पायात लॅक्टिक ॲसिड साठलंय. लिंबूपाणी घ्या.

बी ३०२ (फिजिओ): ते कधीच निघून गेलं, तासा-दोन तासांत जातं. हे दुखणं उताराचं आहे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी त्याला वजन तोलून धरावं लागतं. त्यात त्याला बारीक इजा होते, आणि ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोलते. म्हणून जिना चढणं जमेल, उतरणं नाही.

बी ७०३: म्हणजे उद्या कमी होईल?

बी ३०२ (फिजिओ): उद्या कदाचित जास्त. 😅 पडून राहू नका, घरातल्या घरात चालत राहा, पाणी भरपूर प्या. रिकाम्या पोटी पेनकिलर नको. लघवी काळ्या चहासारखी झाली तर मात्र वाट न बघता डॉक्टरकडे. आणि ती सीट वर घ्या, गुडघा तिनेच धरलाय.

बी २०१ (काकू): मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडव. माझ्याकडे तिळाचं तेलही आहे. आणि माझा तांदूळ आणलास का?

बी ७०३: आणलाय, काकू. काळभात, ५ किलो. रतनवाडीत एका घरून घेतला.

बी २०१ (काकू): मग ये घेऊन. कठड्याला धरून उतर. पोहे टाकते.

बी ६०२: काकू, दया करा!

बी ७०३: निघालो. पोह्यांसाठी.

बी ४०४: चौथ्या मजल्यावर दिसले. उलटे उतरतायत, तोंड भिंतीकडे. पिशवी मी घेतली.

सेक्रेटरी: ११.५०. लिफ्ट सुरू झाली आहे. सर्वांनी सहकार्य केल्याबद्दल धन्यवाद. ७०३, वर जाऊ शकता.

बी २०१ (काकू): पोहे खाऊन आमच्या सोफ्यावरच झोपलाय. फोन करू नका कोणी.