मुलगी शिकायला परदेशी चाललीये. संपर्काची घडी कशी बसवायची?

उंबरठा

नमस्कार मंडळी. मुलगी दोन वर्षांसाठी परदेशी शिकायला निघाली आहे. तिथलं घड्याळ आमच्या ८ तास मागे. घरी बोलणारे चौघं: आम्ही दोघं, तिचा धाकटा भाऊ आणि आजी. आजीला कमी ऐकू येतं, मोबाईल वाजला की उचलता येतो, बाकी काही जमत नाही.

विचारायचंय ते असं. फोनाची वेळ कशी ठरवायची? व्हॉट्सअ‍ॅप आत्ताच्या नंबरवर ठेवावं की तिथल्या नंबरवर न्यावं? आजीसाठी काय सोय करता येईल? आणि खरी धास्ती ही, की दोन दिवस तिचा पत्ताच लागला नाही तर कुणाला विचारायचं? "रोज फोन करत जा" हे सगळ्यांनी सांगून झालंय. त्याच्या पुढचं सांगा.

दुसरा_गजर

वेळेपुरतं लिहितो.

८ तास मागे म्हणजे तिचे सकाळचे साडेसात ते तुमचे दुपारचे साडेतीन. तिचे रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा तुमची पहाटेची साडेपाच. तुमच्या रात्री नऊला तिची दुपारची एक, म्हणजे बहुधा दोन वर्गांमधली धावपळ. घरच्यांना सोयीची वाटणारी रात्रीची वेळ तिच्यासाठी सगळ्यात वाईट असते आणि नेमकी तीच बहुतेक घरांत ठरते. आठवड्याचा मोठा फोन तिच्या शनिवारी सकाळी १० ला ठेवा. घरी संध्याकाळचे सहा झालेले असतात, आजी जागी असते, कुणाला ताटकळावं लागत नाही. मधल्या दिवसांत निरोप आणि आवाजी मेसेज पुरे. पहिले दोन-तीन आठवडे मात्र काहीच पक्कं करू नका, तिचं वेळापत्रक तोवर हलत असतं.

आता सगळे विसरतात ती गोष्ट. युरोपच्या बहुतेक भागांत घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. अमेरिका आणि कॅनडाच्या बहुतेक भागांत मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात उलटा हिशेब: ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे, एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे. क्वीन्सलँडमध्ये बदल नाहीच. तुमच्या देशात घड्याळ हलत नसेल तर उत्तर गोलार्धात हिवाळ्यात तुमचे ८ तासांचे ९ होतील आणि तोच फोन घरी सातला येईल. दोन्हीकडे घड्याळं हलत असतील तर रविवार वेगवेगळे असल्याने मार्चमध्ये दोन-तीन आठवडे भलताच फरक चालतो.

उपाय सोपा आहे. मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये फोनाची नोंद करताना टाइम झोन तिच्या शहराचा टाका. तिचे वर्ग घरच्या घड्याळावर चालत नाहीत, त्यामुळे खुंटा तिच्याकडे आणि फिरायचं घराने. फोन संपवायचा हक्कही तिचाच असू द्या. "ठेवते आता" म्हटल्यावर चौथ्या माणसाच्या हातात फोन देणं बंद करा.

तारवाला

नंबराबद्दल: व्हॉट्सअ‍ॅप आहे त्याच नंबरवर राहू द्या. तिथलं सिम नेटसाठी आणि स्थानिक फोनसाठी घ्यावं. अ‍ॅप सिम कुठलं आहे ते रोज बघत नाही, नोंदणीच्या वेळी कोड आला की झालं. पण म्हणून जुनं सिम मरू द्यायचं नाही. रिचार्जअभावी नंबर बंद पडला की कंपनी काही काळाने तो दुसऱ्याला देते, आणि त्या माणसाने त्यावर व्हॉट्सअ‍ॅप सुरू केलं की तुमची मुलगी बाहेर. बँकेचे ओटीपीही त्याच नंबरवर येतात.

निघण्याआधी करायची कामं:

- घरच्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू, डेटा रोमिंग बंद. रोमिंग तिथे पोचल्यावर चालू करायला गेलं तर त्याचाही कोड त्याच बंद सिमवर येतो.
- व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'चा ६ अंकी पिन, सोबत ईमेल. ईमेल नसेल आणि पिन विसरला तर दिवसच्या दिवस थांबावं लागतं.
- चॅटचा बॅकअप. अँड्रॉइडचा गूगल खात्यात जातो, आयफोनचा आयक्लाउडमध्ये. एकीकडचा बॅकअप दुसरीकडे उघडत नाही, त्यासाठी दोन्ही फोन शेजारी ठेवून थेट हलवावं लागतं. तिथे गेल्यावर फोनची जात बदलणार असेल तर जुना फोन आधी विकू नका.

पुढे कधी नंबर बदलावाच लागला तर अ‍ॅपच्या सेटिंगमधलं 'नंबर बदला' वापरा, ग्रुप सोबत येतात. अ‍ॅप काढून नव्या नंबरवर नव्याने टाकलं तर येत नाहीत. मुख्य फोन १४ दिवस वापरला नाही तर लॅपटॉपवरचं व्हॉट्सअ‍ॅप आपोआप बाहेर पडतं. फोन दुरुस्तीला दिला की नेमकं हे होतं.

एकाच अ‍ॅपवर विसंबू नका. चीनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप बंद आहे, तिथे वीचॅट लागतं. त्याचं नवं खातं उघडताना बऱ्याचदा आधीच्या वापरकर्त्याला कोड स्कॅन करून हमी द्यावी लागते, म्हणून ते घरूनच उघडून, चालवून बघून जावं. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप जातात, फोन लागत नाहीत. देश कुठला ते बघून दुसरं अ‍ॅप घरातल्या सगळ्या फोनांवर आधीच टाका. साधा आंतरराष्ट्रीय फोन कसा लावायचा तेही घरी एकदा करून बघा: अधिक चिन्ह, देशाचा कोड, मग नंबर, सुरुवातीचा शून्य बहुतेक देशांत गाळून. ती घरचे नंबरही याच रूपात साठवू दे, नाहीतर तिथल्या सिमवरून लागायचे नाहीत.

आवाज तुटण्याबद्दल. लोक अंतराला दोष देतात, पण काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. १० हजार किलोमीटरला ५० मिलिसेकंद. तार वळणावळणाने गेली तरी दुप्पट धरा. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर बोलण्यात बाधा येत नाही आणि ४०० च्या पुढे जाऊ नये, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस सांगते. म्हणजे मधला उशीर बहुतेक वेळा दोन्ही टोकांच्या वायफायचा असतो. राऊटर असलेल्या खोलीत बसा, जमल्यास ५ गीगाहर्ट्झचं वायफाय जोडा, त्या वेळी घरात दुसरं कुणी मोठं डाउनलोड करत नाही ना बघा. तरी तुटलं तर व्हिडिओ बंद करा. नुसत्या आवाजाला सेकंदाला २०-३० किलोबिट पुरतात, चित्राला त्याच्या कित्येक पट.

वसतिगृहाच्या वायफायला लॉगिनचं पान असतं आणि ते काही तासांनी मुदत संपवतं. फोनवर वायफायची खूण दिसते पण काहीच जात नाही. ब्राउझर उघडून पुन्हा लॉगिन केलं की सुरू. विद्यापीठात एड्युरोम (विद्यापीठांचं सामाईक वायफाय) असेल तर तिचं खातं पहिल्याच आठवड्यात बसवून घ्यायला सांगा. १०० हून जास्त देशांत ते चालतं, दुसऱ्या विद्यापीठात गेली तरी तोच पासवर्ड.

सावकाश_बोला

तारवाला यांचं बाकी सगळं मान्य, पण आजीच्या वेळी व्हिडिओ बंद करू नका. वयाने ऐकू कमी येतं तेव्हा वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, म्हणजे स, श, फ, त, क यांसारखी व्यंजनं. कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. म्हणून ओरडून उपयोग होत नाही. ती माणसं नकळत ओठ बघून शब्द पुरे करत असतात. चित्र बंद झालं की अर्धे कान गेले. वायफाय कमी पडत असेल तर बाकीच्यांनी आवाजावर बोला, आजीची पाच-सात मिनिटं चित्रासकट ठेवा. आणि तिची पाळी पहिली. शेवटी फोन आजीकडे जातो तेव्हा नात निघायच्या घाईत असते.

मुलीने काय करायचं: खिडकी पाठीमागे नको, समोर हवी. पाठीमागून उजेड आला की चेहरा काळा पडतो आणि ओठ दिसत नाहीत. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर. एक वाक्य, मग थांबा. रस्त्याने चालता चालता आजीशी बोलू नये, वाऱ्याचा आवाज नेमका व्यंजनांवर बसतो.

घरी: पंखा आणि टीव्ही बंद. फोन स्टँडवर, हातभर अंतरावर. स्पीकर लांब ठेवला तर खोलीतला घुमारा मिसळतो. कानाला पूर्ण झाकणारे वायरचे हेडफोन सगळ्यात चांगले. ब्लूटूथने आवाज ओठांच्या मागे पडू शकतो, मग बघून समजण्यात घोळ होतो. श्रवणयंत्र लावत असतील तर ते फोनला जोडता येतं का, ते यंत्र बसवणाऱ्याला विचारा. जोडता येत असेल तर हेडफोनची भानगडच नको.

अँड्रॉइडवर नातीचं चॅट उघडून मेनूतून 'शॉर्टकट जोडा' केलं की तिचा फोटो थेट मुख्य पडद्यावर येतो. बाकीची चिन्हं दुसऱ्या पानावर ढकला. आणि आजीच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवून घेणं बंद करा. "नातीचा फोटो उघडत नाही" या तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा शुभ सकाळच्या चित्रांनी भरलेला फोन असतो.

आवाजी मेसेज आजीसाठी फोनपेक्षाही बरे. चार वेळा ऐकता येतात. वेग दीडपट-दुप्पट झालेला नाही ना तेवढं बघा, चुकून बोट लागतं.

कोरा_कागद

शेवटच्या प्रश्नावर. तो निघायच्या आधी सुटतो, नंतर नाही.

पहिलं लक्षात घ्या: बहुतेक देशांत १८ पूर्ण झालेली विद्यार्थिनी सज्ञान आहे आणि विद्यापीठ आईवडिलांना काहीही सांगायला बांधील नाही. उलट न सांगायलाच बांधील असतं. अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या नोंदींबद्दलचा १९७४ चा फर्पा कायदा आहे, युरोपीय संघात मे २०१८ पासून व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा जीडीपीआर नियम लागू आहे. फी तुम्ही भरता याने फारसा फरक पडत नाही. म्हणून तिने स्वतः विद्यापीठाच्या पोर्टलवर दोन गोष्टी भरायच्या. एक, आपत्कालीन संपर्क म्हणून तुमचा नंबर, देशाच्या कोडसकट. दोन, तुम्हाला माहिती देण्याची लेखी संमती. या दोन्ही एकच आहेत असं समजून लोक फसतात. पहिलीने विद्यापीठ तुम्हाला फोन करू शकतं. तुम्ही फोन केलात तर उत्तर मिळेल, याची सोय दुसरी करते. अमेरिकेत दवाखान्यासाठी तिसरी वेगळी संमती लागते, हिपा कायद्याखालची.

मग एक कागद करा. खरोखरचा कागद, कपाटाच्या आत चिकटवलेला. त्यावर इमारत आणि खोली क्रमांकासह पत्ता, खोलीतल्या दोघा सोबत्यांचे नंबर, घरमालक किंवा वॉर्डन, विद्यापीठाच्या सुरक्षा विभागाचा २४ तास चालणारा नंबर, विम्याचा पॉलिसी क्रमांक आणि मदतीचा नंबर, आपल्या देशाच्या दूतावासाचा आपत्कालीन नंबर. पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती सोबत. खोली बदलली की कागद बदला. जुना पत्ता असलेला कागद नसलेल्या कागदापेक्षा वाईट.

युरोपात ११२, अमेरिका-कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००. हे नंबर तिच्यासाठी. तुम्ही घरून ११२ फिरवलंत तर ती यंत्रणा तिच्यापर्यंत पोचत नाही, फोन लागलाच तर तुमच्याच देशात लागतो. म्हणून त्या शहराच्या पोलिसांचा साधा, कोड लावून फिरवता येणारा नंबर कागदावर हवा.

शांततेचा अर्थ आधी ठरवा. ठरलेला फोन चुकला तर एकच निरोप पाठवून थांबायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन टिका असतील तर निरोप तिच्या फोनवर किंवा जोडलेल्या लॅपटॉपवर पोचलाय, ती झोपली असेल किंवा वाचनालयात असेल. एकच टिक असेल तर बहुधा फोन बंद किंवा नेट नाही. एका टिकेवर २४ तास गेले तर सोबत्यांना विचारा. तिथूनही काही कळलं नाही तर विद्यापीठाच्या सुरक्षा विभागाला फोन करून, खोलीवर जाऊन ती सुखरूप आहे का बघा, असं स्पष्ट शब्दांत सांगा. "काळजी वाटते" एवढंच सांगितलं तर ईमेल करा म्हणतात. शेवटचं बोलणं कधी झालं, कुठल्या अ‍ॅपवर, एक टिक की दोन, काही आजार किंवा औषध चालू आहे का, हे समोर लिहून मगच फोन करा. परीक्षेच्या आठवड्यात २४ चे ३६ करा, तेही तिला सांगून.

अजून एक. "तुमच्या मुलीला पकडलंय, पैसे पाठवा" असे फोन येतात आणि हल्ली आवाजही हुबेहूब बनवता येतो. तोंडी ठरवलेला एक प्रश्न आणि त्याचं उत्तर ठेवा, कुठल्याही चॅटमध्ये न लिहिलेलं. फोन कापून तिच्या नंबरवर स्वतः लावा. याचीच दुसरी बाजू अशी की विद्यार्थ्यालाच पोलीस असल्याची बतावणी करून "घरच्यांशी बोलू नकोस, फोन बंद ठेव" म्हणतात आणि त्याच वेळी घरी पैसे मागतात. खरे पोलीस असं सांगत नाहीत. आणि परदेशी नागरिकाला खरोखरच अटक झाली तर आपल्या दूतावासाला कळवा म्हणायचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमाने दिलेला आहे. पण ते तिने मागावं लागतं, म्हणून तिला माहीत हवं.

उंबरठा

कागद आजच करते. अजून एकच: तिचं लोकेशन कायम चालू ठेवावं का? तिचे बाबा म्हणतात हो, ती म्हणते नाही.

कोरा_कागद

तिची बाजू घेईन. व्हॉट्सअ‍ॅपवरचं लाइव्ह लोकेशन तसंही १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास एवढंच चालतं. रात्रीच्या प्रवासाला तेवढं पुरतं. गूगल मॅप्सवर कायमचं ठेवता येतं, पण फोनची बॅटरी संपली की नकाशावर जुनाच ठिपका राहतो, आणि मग रात्री अकराला ती अजून स्टेशनवरच का, म्हणून घर जागं.

दुसरा_गजर

मी बाबांच्या बाजूचा, पण अर्धाच. पहिला महिना ठेवा, तारीख ठरवून बंद करा.

आणि पहिल्याच दिवसाचं ठरवून घ्या. विमानतळाच्या वायफायला बऱ्याचदा एसएमएसवरचा कोड लागतो आणि रोमिंग नसेल तर तो येत नाही. विमान उतरलं का ते फ्लाइट नंबर टाकून घरबसल्या दिसतं, त्यासाठी तिच्या निरोपाची वाट बघू नका. पासपोर्ट तपासणी, सामान, पुढची गाडी यांत तीन-चार तास सहज जातात. तेव्हा पहिला फोन "उतरल्यावर" नको, "खोलीत पोचल्यावर".