मदत हवी आहे: एडीएचडी असलेल्या मुलाच्या अभ्यासाची जागा वन बीएचकेत कशी करावी?

नमस्कार. मुलगा ८ वर्षांचा, तिसरीत, सेमी इंग्लिशला. दिवाळीनंतर एडीएचडीचं निदान झालं. कंबाइन्ड प्रकार, म्हणजे लक्षही टिकत नाही आणि चुळबुळही थांबत नाही. आम्ही डोंबिवलीत राहतो. घरात पाच माणसं: आम्ही दोघं, सासूबाई, हा आणि ३ वर्षांची धाकटी. वेगळी खोली देणं शक्य नाही, म्हणून तो सल्ला कृपया नको.

जूनमध्ये बेडरूममध्ये खिडकीपाशी स्टडी टेबल करून घेतलं. खण, वर पुस्तकांची फळी, त्याच्या आवडीचे स्टिकर. शांतता मिळावी म्हणून दार लोटून त्याला बसवायचे. वीस मिनिटांनी बघावं तर वहीत फक्त तारीख, आणि टेबलावर खोडरबराचे तुकडे. मग मी ओरडते, तो रडतो. पाच ओळी शुद्धलेखनाला दीड तास लागतो. तो झोपल्यावर त्याच्या डोक्यावरून हात फिरवताना मला फार वाईट वाटतं.

गेल्या आठवड्यात मात्र वेगळंच घडलं. मी भाकऱ्या थापत होते. हा वही घेऊन आला आणि स्वयंपाकघरातल्या फरशीवर पालथा पडून गणितं करायला लागला. मध्येच उठला, दोन गणितं ओट्याला टेकून उभ्यानं केली, पुन्हा खाली. कुकरच्या शिट्ट्या चालूच होत्या. २५ मिनिटांत ११ गणितं झाली आणि मला एकदाही ओरडावं लागलं नाही.

सासूबाई म्हणतात, लोळत कधी अभ्यास होतो का, बैठक मोडेल. ह्यांचं म्हणणं, एवढं टेबल केलंय तर तिथेच बसायची सवय लागू दे. मलाही वाटतं, चुकीचं वळण तर लागणार नाही ना? फरशीवर करू द्यावं का? आणि स्वयंपाकघरात नीट जागा करायची तर काय काय लागेल?

प्रतिसाद

ताई, माझी लेक आता १४ वर्षांची आहे. आम्हीही आधी ‘एकांत’ देऊन पाहिला. एकटी बसली की ती हरवून जायची. आपलं माणूस जवळ काहीतरी काम करत असलं की तिचं गाडं चालायचं. तुमच्याकडेही फरशीपेक्षा तुमचं तिथे असणं जास्त कामाला आलं असावं.

फक्त गॅसपासून लांब, दाराकडच्या भिंतीशी बसवा. सतरंजी आणि चौरंग पुरे. समोरची भिंत कोरी ठेवा, कॅलेंडरसुद्धा काढा. एका स्टीलच्या डब्यात टोक केलेल्या दोन पेन्सिली, खोडरबर, पट्टी. शार्पनर आत ठेवू नका, आमच्याकडे निम्मा वेळ तोच खायचा. समोर एका वेळी एकच वही, बाकी दप्तर दुसऱ्या खोलीत. कुकर, मिक्सरचा आमच्या लेकीला त्रास नव्हता, पण मालिकेतले संवाद तिला ओढून न्यायचे. आजींची मालिका कधी असते ते बघा.

प्रतिसाद

मी विशेष शिक्षिका आहे. हलणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. अशा बऱ्याच मुलांचं लक्ष शरीर हलतं राहिलं तर जास्त टिकतं. पालथं, उभं, मांडी घालून, आलटून पालटून करू द्या. हस्ताक्षराचं काम तेवढं चौरंगावर घ्या, पालथं पडून अक्षर नीट निघत नाही.

या मुलांना वेळ किती सरला याचा अंदाज येत नाही. वाळूचं घड्याळ किंवा चावीचा टायमर समोर ठेवा, मोबाइल नको. १० मिनिटं काम, ५ मिनिटं उठून पाणी, उड्या, धाकटीशी खेळ. सुरुवात सोप्या गणितानं करा. बसणं जमतं, सुरू करणं अवघड जातं.

दोन गोष्टी विचारते. औषध चालू आहे का? सकाळच्या गोळीचा असर संध्याकाळपर्यंत बहुधा उरत नाही, तेव्हा अभ्यासाची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा. दुसरं, गणित झालं पण शुद्धलेखनाला दीड तास, हे मला खटकतंय. एडीएचडीबरोबर वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता पुष्कळ मुलांत असते. तिसरीत तपासणी करता येते. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्यासाठी क्लिनिक आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा स्वतंत्र उल्लेख आहे, एडीएचडीचा नाही. पुढे परीक्षेत सवलत मागायची वेळ आली तर हा फरक जाणवतो.

धागाकर्ती

दोघींचे मनापासून आभार. चार दिवस करून पाहिलं. चौरंग दाराशी मांडला, वेळ सातऐवजी साडेपाच केली, खाऊन आणि खाली खेळून आल्यावर. गणित, परिसर अभ्यास रोज पाऊण तासाच्या आत संपतोय. सासूबाई काल आपणहून भाजी निवडायला त्याच्याजवळ येऊन बसल्या. टायमरच्या टिकटिकीनं मात्र तो बिथरतो, वाळूचं घड्याळ शोधतेय.

शुद्धलेखन अजून तसंच अडतंय. ‘आणि’ हा एकच शब्द तीन ओळींत तीन तऱ्हांनी लिहितो. याकडे मी आजवर आळस म्हणूनच बघत होते. सोमवारी डॉक्टरांकडे तपासणीचं विचारते. तोवर लिहिण्याचा गृहपाठ निम्मा करून द्या असं वर्गशिक्षिकांना सांगायचं आहे. कुणी असं पत्र दिलं असेल तर त्यात काय लिहिलं होतं, सांगाल का?