शब्दचर्चा : टायग्रेनीज, तिग्रानेस की तिग्रान?

प्रश्न : एका दिवाळी अंकासाठी आर्मेनियाच्या प्राचीन राजांवर लेख लिहिते आहे. वाचायला मिळालं ते सगळं इंग्रजीतून, त्यामुळे वहीत नावं उतरली ती अशी : टायग्रेनीज, आर्टॅक्सियस, टिरिडेटीस. मराठीत लिहिताना ही नावं दाताखाली खड्यासारखी येतात. संपादक म्हणतात, आहे तेच ठेवा. दुसरं असं की या लोकांना आर्मेनियन म्हणावं की अर्मनी? ते स्वतःला 'हाय' म्हणवतात असंही वाचलं. ते कुठून आलं?

उत्तर : ताई, हाय खाऊ नका, सोपं आहे.

'टायग्रेनीज'च्या शेवटी लोंबणारा 'ईज' हा ग्रीक प्रत्यय, आणि त्यावर इंग्रजी उच्चाराची पुटं. चंद्रगुप्ताला 'सँड्राकोट्टस' लिहावं तसला प्रकार. आर्मेनियन लोक त्या राजाला तिग्रान म्हणतात. आर्टॅक्सियस म्हणजे आर्ताशेस आणि टिरिडेटीस म्हणजे त्रदात ('त' आणि 'र'च्या मध्ये पुसटसा 'अ' येतो).

गंमत पुढे आहे. ही नावं मुळात इराणी आहेत आणि इराणी भाषा संस्कृतच्या सख्ख्या शेजारच्या, म्हणून इंग्रजी साल काढली की आत ओळखीचा गर निघतो. आर्ताशेस म्हणजे जुन्या पारशीतलं 'अर्तख्शस्स', त्याचे दोन तुकडे : अर्त म्हणजे आपलं ऋत आणि उरलेलं क्षत्र. ज्याचं राज्य ऋतावर उभं आहे तो. इराणचे अर्टाझर्क्सिस नावाचे बादशहा शाळेच्या पुस्तकात भेटतात ना, त्यांचंही नाव हेच. त्रदातमधला 'दात' म्हणजे दत्त. तीर नावाच्या देवाने दिलेला, तो तीरदत्त. आपल्याकडे देवदत्त, सोमदत्त, तसाच.

तिग्रानने वसवलेलं शहर तिग्रानाकेर्त. यातला 'केर्त' म्हणजे कृत : तिग्रानने केलेलं. आर्ताशेसने इ.स.पू. दुसऱ्या शतकात वसवलेली राजधानी आर्ताशात. तिच्यातला 'शात' म्हणजे आनंद, 'शादी'तला शाद तो हाच.

लेखात ही फोड द्या, वाचकाला नाव पुन्हा समजावून सांगावं लागणार नाही.

दुसरं उत्तर : वरच्या काकांनी 'राजा' या शब्दाला हात लावला नाही, म्हणून लिहितो. आर्मेनियनमध्ये राजाला दोन शब्द. एक 'आर्का'. दुसरा 'थागावोर', म्हणजे मुकुट धारण करणारा. यातला 'थाग' आणि आपल्या तोंडी रुळलेला 'ताज' हे एकाच इराणी शब्दाचे दोन अवतार. पुढे तुर्कांनी हाच शब्द उचलून 'तेकफूर' केला आणि बायझंटाईन (पूर्व रोमन) सरदारांना लावला. इस्तंबूलमध्ये 'तेकफूर सराय' नावाचा जुना वाडा अजून उभा आहे.

तसाच 'आशखार्ह' हा शब्द. अर्थ जग, देश. हा पुन्हा क्षत्र-कुळातला, आणि फारशीतलं 'शहर'ही त्यातलंच. म्हणजे आपण 'शहर' म्हणतो, ते 'जग' म्हणतात, आणि मुळात दोन्हींचा अर्थ 'राज्य'.

नाणी जमवत असल्यामुळे एक भर. तिग्रानच्या चांदीच्या नाण्याचं चित्र बघा. इ.स.पू. ८३ च्या सुमारास त्याने सीरिया घेतला आणि अँटिओकच्या टाकसाळीत नाणी पाडली. एका बाजूला त्याचा चेहरा. डोक्यावर उंच, वरून दातेरी मुकुट, कानांवर लोंबणाऱ्या पट्ट्या, मुकुटावर मधोमध तारा आणि ताऱ्याच्या दोन्ही अंगांना एकेक गरुड, मान वळवून ताऱ्याकडे बघणारे. मागच्या बाजूला खडकावर बसलेली नगरदेवता, तिच्या हातात खजुराची फांदी आणि पायाशी पोहणारी ओरोंतिस नदी, ती पुरुषाच्या रूपात. अक्षरं ग्रीक : 'बासिलेओस तिग्रानू'. ही षष्ठी आहे, 'राजा तिग्रानाचं' (नाणं). नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ साली नहपानाच्या नाण्यांचा जो ढीग सापडला, त्यावरही 'राञो क्षहरातस नहपानस' अशी षष्ठीच आहे.

नहपान स्वतःला क्षत्रप (मुळात अर्थ प्रांताचा सुभेदार) म्हणवत असे, त्यावरून आणखी एक. येर्वांद घराणं, ज्याला ग्रीक ओरोंतिस म्हणत, ते आधी आर्मेनियात इराणी बादशहाचे क्षत्रप होतं. नाशिकच्या लेण्यांतला 'क्षत्रप' हा शब्द त्याच इराणी कारभारातला. 'छत्रपती' मात्र छत्रावरून आलेला, त्याची क्षत्रपाशी गल्लत करू नये. लोक हौसेने करतात.

तिसरं उत्तर : 'हाय' म्हणजे संस्कृत 'हय' नव्हे का? त्यांचा मूळपुरुष हायक, आणि आपल्याकडे माहिष्मतीचे हैहय राजे. शिवाय आर्मेनिया म्हणजे 'आर्य'च. संबंध उघड दिसतो.

पहिल्याचं उत्तर : दिसतो, पण नाही. आवाज जुळला म्हणजे नातं जुळलं असं भाषेत नसतं.

आधी 'हायक'. पाचव्या शतकातला मानला जाणारा इतिहासकार मोव्सेस खोरेनात्सी ही कथा सांगतो : बाबेलच्या बेल नावाच्या जुलमी राजाला नाकारून हायक उत्तरेला आला, वान सरोवराच्या बाजूला लढाई झाली आणि हायकच्या बाणाने बेल मेला. त्यावरून लोक हाय आणि देश हायास्तान. हायकचाच एक वंशज आराम, त्याच्यावरून परके लोक 'आर्मेन' म्हणू लागले, असंही तोच सांगतो. कथा सुंदर आहे, पण देशाचं नाव आधी आणि मूळपुरुष मागाहून, असाच हा क्रम असावा.

'आर्मेनिया' हे नाव त्यांचं नाहीच, बाहेरच्यांनी ठेवलेलं. इ.स.पू. ५२० च्या आसपास इराणी बादशहा दारयवहूने (इंग्रजीतला डरायस) इराणातल्या बेहिस्तूनच्या कड्यावर तीन भाषांत लेख कोरला. जुन्या पारशीत त्या देशाला 'अर्मिन' म्हटलंय आणि बाबिलोनी मजकुरात त्याच जागी 'उराश्तू', म्हणजे उरार्तू. हेच उरार्तू हिब्रू बायबलात 'अरारात' झालं. उरार्तूचे राजे स्वतःच्या देशाला 'बिआइनिली' म्हणत, त्यातून पुढे 'वान' निघालं. त्यांच्यातल्या अर्गिश्ती राजाने इ.स.पू. ७८२ मध्ये एरेबुनी किल्ला बांधला, त्याचंच आजचं येरेवान. आणि जो डोंगर जगाला अरारात म्हणून ठाऊक, त्याला हे लोक 'मासिस' म्हणतात. एका देशाची किती नावं झाली बघा, त्यात आपला 'आर्य' कुठेही बसत नाही.

आता घोडा. संस्कृत 'हय'चा आर्मेनियन भाऊ खरंच आहे, पण तो 'हाय' नव्हे. तो 'जी', अर्थ घोडा. हा ज 'जागा'मधला, 'जीव'मधला नव्हे. संस्कृतात जिथे 'ह' उरला तिथे आर्मेनियनमध्ये पुष्कळदा हा दंत्य ज येतो. हिम, आणि त्यांच्याकडे बर्फाला 'ज्यून' (ज पुन्हा 'जागा'चा). हस्त, आणि त्यांच्याकडे 'जेर्न'. एका सुट्या शब्दावर उड्या मारण्यापेक्षा अशी रांग दिसली की नातं धरावं.

ही घरची पुंजी आणि वर सांगितलेली आर्ताशेस, ताज वगैरे मंडळी वेगळी ठेवा. ती उसनी, इराणी राजवटीतून आलेली. ती इतकी आहेत की आर्मेनियन ही इराणीचीच पोटभाषा, असं विद्वान बरीच वर्षं समजत होते. १८७५ साली ह्युब्शमान या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने उसनं आणि घरचं वेगळं करून दाखवलं, तेव्हा ती स्वतंत्र शाखा ठरली.

तिग्रानची पदवी 'मेत्स', म्हणजे महान. हा शब्द घरचा, संस्कृत 'महत्' याच मुळाचा. यातला 'त्स' म्हणजे आपल्या 'चाक'मधला च. चाक-चहा आणि जागा-जीव असे दोन दोन उच्चार त्यांच्याकडेही आहेत, लिपीत अक्षरं मात्र वेगवेगळी. आपण एकाच अक्षरावर भागवतो.

नाणेवाल्याचं उत्तर : एक शंका. तिग्रानच्या काळी आर्मेनियन लिपीच नव्हती. ती मेस्रोप माश्तोत्सने इ.स. ४०५ च्या सुमारास केली. म्हणजे राजाच्या हयातीत धातूवर उतरलेलं नाव ग्रीकच. मग 'तिग्रानेस'ला खोटं कसं म्हणायचं?

पहिल्याचं उत्तर : खोटं नाही, पाहुण्याचं. टाकसाळ अँटिओकची, गिऱ्हाईक ग्रीक बोलणारं. आर्ताशेसने सेवान सरोवराच्या परिसरात शिवेचे दगड रोवले, त्यांवर अरामी अक्षरं आहेत. म्हणून त्याला कुणी अरामी राजा म्हणत नाही. (ताई, मराठी अनुवादांत अरामी आणि आर्मेनियन यांची सर्रास खिचडी होते. अरामी ही हिब्रूच्या कुळातली भाषा. इथे दोन्ही एकाच दगडापाशी येतात, तेव्हा जपून.)

लोकांच्या नावाचं राहिलं. 'अर्मनी' हे फारशी रूप, मोगली काळातल्या संदर्भांत शोभतं. आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या नावाआधी 'ख्वाजा' लागे, त्याचं कागदोपत्री 'खोजा' झालं. १६८८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी करार करणारा खोजा पानोस कलंतर हा त्यातला. खोजा जमातीशी त्याचा संबंध जोडू नका. मुंबईच्या फोर्टात जुन्या मेडोज स्ट्रीटवर या लोकांचं चर्च १७९६ चं. चेन्नईतल्या आर्मेनियन स्ट्रीटचं तमिळ तोंडात 'अरण्मनैकारन तेरू' झालं, म्हणजे राजवाड्यावाल्याची गल्ली! आजच्या मराठीत मात्र 'आर्मेनियन' रुळलाय, तोच ठेवा.

प्रश्नकर्ती : सगळ्यांचे आभार. एक वाक्य अडलंय. इ.स.पू. ६९ मध्ये रोमन सेनापती लुकुलुस तिग्रानाकेर्तवर चालून आला, तेव्हा त्याची तुटपुंजी फौज पाहून तिग्रान म्हणाला, असं प्लुटार्क लिहितो. मी केलंय : 'वकिलात म्हणून आले असतील तर फार आहेत, लढायला आले असतील तर थोडे.' इथे 'वकिलात' चालेल? आणि 'तिग्रानने' की 'तिग्रानाने'?

नाणेवाल्याचं उत्तर : वकिलात उत्तम. 'शिष्टमंडळ' लिहिलं असतं तर त्या दिवशी तिग्रान हरला नसता, कंटाळून परत गेला असता.

पहिल्याचं उत्तर : आपण अकबराने, अशोकाने म्हणतो. जुन्या राजाला सामान्यरूप शोभतं, म्हणून तिग्रानाने, आर्ताशेसाने, त्रदाताने. मी वर घाईत 'तिग्रानने' लिहून बसलोय, ते सोडून द्या.

प्रश्नकर्ती : संपादकांना फोन केला. 'तिग्रानाने' मान्य. 'त्रदाताने'ला मात्र नकार. म्हणाले, मुद्रितशोधक त्याचं 'प्रदात्याने' करून ठेवतील.