जागतिक पर्यावरण निरीक्षणांचं पोर्टल : डेटा उतरवून घ्यायचा की नुसती सूची ठेवायची?

धागाकर्ता : अक्षांश_रेखांश

पर्यावरण निरीक्षणांचा जागतिक डेटा शोधता यावा, नकाशावर दिसावा आणि एका बिंदूची कालमालिका काढता यावी, असं पोर्टल करायचं आहे. पहिल्या टप्प्यात चारच संच : ईआरए५चं (जगभराच्या हवामानाचा युरोपीय ताशी संच) तापमान व पाऊस, सेंटिनेल-२ या उपग्रहांची दृश्यं, ईएसएचा (युरोपीय अवकाश संस्था) वर्ल्डकव्हर हा भू-आच्छादनाचा नकाशा आणि भारतापुरता आयएमडीचा (भारतीय हवामान विभाग) ०.२५ अंश जाळीचा पाऊस. माणसं तीन, सर्व्हर एक (१६ कोअर, ६४ जीबी), ऑब्जेक्ट स्टोरेज २० टीबी.

अडलंय ते असं. सगळं उतरवून घ्यावं का? सूचीसाठी जिओनेटवर्क (तयार सूची-सॉफ्टवेअर) की स्टॅक (नकाशा-डेटाच्या नोंदी लिहिण्याची प्रमाणित पद्धत)? चाचणीत ईआरए५ची एका बिंदूची एका वर्षाची मालिका काढायला बराच वेळ जातो, तो का? आणि आयएमडी व ईआरए५ यांचा पाऊस एक दिवस मागेपुढे का दिसतो?

सूचीकार

सेंटिनेल-२ उतरवू नका. २० टीबी कधी भरले ते कळणारही नाही. ते सीओजी स्वरूपात (हवा तेवढाच भाग वाचता येणारी, जागेची माहिती असलेली जिओटिफ चित्र-फाइल) जिथे आहे तिथेच राहू द्या. तुमच्याकडे फक्त स्टॅकच्या नोंदी हव्यात : ओळखक्रमांक, भूमिती, वेळ आणि फाइलींचे दुवे. नोंदी ठेवायला पोस्टग्रेस डेटाबेसवर पीजीस्टॅक, पुढे शोधसेवेसाठी स्टॅक-फास्टएपीआय, नकाशाच्या टाइलसाठी (चौकोनी तुकड्यांसाठी) टायटायलर. तीन माणसांना एवढं झेपतं.

जीईओ ही पृथ्वी निरीक्षणांसाठीची आंतरराष्ट्रीय संघटना २००५ मध्ये उभी राहिली, सचिवालय जिनिव्हात. तिच्या जिऑस पोर्टलनेही डेटा एका जागी गोळा करण्याच्या फंदात न पडता मध्ये ब्रोकर बसवला. इटलीच्या सीएनआर या संशोधन संस्थेने केलेला हा ब्रोकर प्रत्येक संस्थेच्या सूचीची भाषा समजून घेतो, संस्थेला स्वतःचं काही बदलावं लागत नाही. तुमचे स्रोत चारच, त्यामुळे ब्रोकरचा घाट घालायला नको. चार छोट्या स्क्रिप्ट पुरतात. आयएसओ १९११५ या मेटाडेटा मानकाच्या नोंदी किंवा सीएसडब्ल्यू ही सूची शोधण्याची सेवा द्यायची सक्ती असेल तरच जिओनेटवर्क. दोन्ही एकदम चालवलंत तर दोन्ही शिळी होतील.

दुसऱ्यांच्या सूचीतून नोंदी आणताना नवीन काय आलं ते 'अपडेटेड' या वेळेच्या रकान्यावरून कळतं, काढून टाकलेलं काय ते कळत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा दोन्हीकडचे ओळखक्रमांक ताडून पाहा, आणि थोड्या दुव्यांवर हेड रिक्वेस्ट (फाइल न उतरवता नुसती चौकशी) मारून ते जिवंत आहेत का बघा. मेलेल्या दुव्यांचं पोर्टल लोक दुसऱ्यांदा उघडत नाहीत.

तुकडेवाला

कालमालिकेचं उत्तर तुकड्यांच्या आकारात आहे. ईआरए५ची जाळी ७२१ × १४४०, म्हणजे १०,३८,२४० खाने. ग्रिब या हवामान-डेटाच्या स्वरूपातल्या फाइलीत एका तासाचं अख्खं जग हा एक संदेश. वर्षाचे तास ८,७६०. तुम्हाला ८,७६० आकडे हवेत, पण त्यासाठी सुमारे ९१० कोटी आकडे उलगडावे लागतात. ३२ बिटांत ते ३६ जीबी होतात. सर्व्हर कितीही मोठा घ्या, हे गणित बदलत नाही.

पोर्टलसाठी दैनिक मूल्यं पुरतात. एका चलाचे वर्षाला १.५ जीबी. ते झारमध्ये (तुकड्यातुकड्यांनी साठवण्याचं स्वरूप) ३६५ × ४८ × ४८ (दिवस × अक्षांश × रेखांश) अशा तुकड्यांत लिहा : तुकडा सुमारे ३.४ एमबी, दहा वर्षांच्या मालिकेला दहा-अकरा तुकडे. पण हीच प्रत नकाशाला वापरलीत तर एका दिवसासाठी ४८० तुकडे, दीड जीबीच्या वर वाचन! म्हणून नकाशासाठी दुसरी प्रत ठेवा, एक दिवस एक सीओजी. जागा दुप्पट लागते, ती लागू द्या. (७२१ ही संख्या दोन्ही ध्रुव मोजल्यामुळे येते. ४८ने भागताना एक ओळ उरते, तिच्यासाठी तुकड्यांची एक अख्खी रांग वाढते. चालवून घ्या.)

रेखांश ० ते ३५९.७५ असतात, ते −१८० ते १८० करून क्रम लावा, नाहीतर ग्रीनिचपाशी नकाशा फाटतो. अक्षांश उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरतात, त्यामुळे एक्सअ‍ॅरेमध्ये (पायथनची लायब्ररी) १० ते २० असा काप मागितला की रिकामं हाती येतं आणि चूकही दाखवली जात नाही.

पाऊसवेडा

एका दिवसाचा फरक ही चूक नाही. आयएमडीचा दिवस सकाळी ८:३० ला संपतो, म्हणजे ०३ यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळ), आणि पाऊस संपत्या तारखेवर नोंदला जातो. १० जुलैला संध्याकाळी ५ वाजता पडलेली सर आयएमडीत ११ तारखेची. ईआरए५ची यूटीसी दिवसाने बेरीज केली तर १० तारखेची.

११ जुलैच्या तुलनेसाठी ईआरए५चे १० जुलै ०४ यूटीसी ते ११ जुलै ०३ यूटीसी असे २४ तास बेरजेत घ्या. ०४ पासून अशासाठी, की तिथला वेळेचा शिक्का तास संपल्यावर बसतो. एकक मीटर आहे, मिलिमीटरसाठी हजाराने गुणा. ईआरए५-लँड या जमिनीपुरत्या संचाला ही कृती लावू नका. तिथला पाऊस ०० यूटीसीपासून साचत जातो, आधी वजाबाकी करावी लागते.

आयएमडीची जाळी १३५ × १२९, रेखांश ६६.५ ते १००, अक्षांश ६.५ ते ३८.५. हे बिंदू ईआरए५च्या बिंदूंवर नेमके बसतात, त्यामुळे इंटरपोलेशन (मधली मूल्यं अंदाजाने काढणं) नको. पण क्रम दक्षिणेकडून उत्तरेकडे आहे. न उलटता तुलना केली तर काश्मीर कन्याकुमारीला. −९९९ म्हणजे नोंद नाही. ते न वगळता सरासरी काढणाऱ्यांना ऋण पाऊस मिळतो.

जिओटिफ करताना नैऋत्य कोपरा ६६.३७५ आणि ६.३७५ द्या. ६६.५ दिलात तर सगळं पूर्वेला अर्धा खाना, सुमारे १३ किलोमीटर सरकेल. सपाटीवर खपून जाईल, पण सह्याद्रीत महाबळेश्वराचा पाऊस वाईकडे जाईल. पुनर्वितरणाच्या अटी प्रत्येक संचाच्या वेगळ्या वाचा.

लाल_अवरक्त

सेंटिनेल-२ची मेख : २५ जानेवारी २०२२ पासून, प्रोसेसिंग बेसलाइन (प्रक्रियेची आवृत्ती) ०४.०० मध्ये, मूल्यांत १००० मिळवलेले असतात. लाल ५०० आणि अवरक्त ३००० असेल तर एनडीव्हीआय (हिरवेपणाचा निर्देशांक) ०.७१, तेच १५०० आणि ४००० धरून काढलंत तर ०.४५. आलेखात जंगल एका रात्रीत वाळतं. तारखेवरून ठरवू नका, कारण जुनी दृश्यंही नव्याने प्रक्रिया करून आली आहेत, आणि काही सीओजी साठ्यांनी हे १००० आधीच वजा केलेत. नोंदीतली बेसलाइन आणि ऑफसेट वाचूनच वजाबाकी करा. शून्य म्हणजे नोडेटा (नोंदच नाही), त्याला हात लावू नका.

वर्ल्डकव्हरचे ओव्हरव्ह्यू (दुरून पाहण्यासाठीच्या लहान प्रती) सरासरीने कधीच करू नका. मोड (सर्वांत जास्त वेळा आलेलं मूल्य) किंवा निअरेस्ट (सर्वांत जवळचं मूल्य). ४० म्हणजे शेत, ८० म्हणजे पाणी, दोहोंची सरासरी ६० म्हणजे ओसाड जमीन! २०२० आणि २०२१ च्या आवृत्त्यांची पद्धत वेगळी आहे, त्यांची वजाबाकी 'बदल' म्हणून दाखवायचं बटण ठेवू नका.

अक्षांश_रेखांश

सगळ्यांचे आभार. दैनिक सीओजी करून पाहिले. आपल्याच सर्व्हरवरून टाइल फार हळू येतात, बाहेरच्या साठ्यातून मात्र झटपट. ब्लॉक ५१२, डिफ्लेट कॉम्प्रेशन, ओव्हरव्ह्यू आहेत.

सूचीकार

कर्ल या कमांडने ०-१६३८३ एवढेच बाइट मागून पाहा. उत्तर २०६ (मागितला तेवढाच भाग) यायला हवं. २०० येत असेल तर मधला प्रॉक्सी अख्खी फाइल पाठवतोय. बहुधा टिफवरही जीझिप लावलेलं असेल, ते त्या प्रकारापुरतं बंद करा. २०६ येत असूनही संथ असेल तर जीडॅलला (टायटायलरच्या आत फाइली वाचणारी लायब्ररी) फाइल उघडताना शेजारच्या फाइलींची यादी वाचू देऊ नका. वर्षाच्या ३६५ फाइली एका फोल्डरात असल्या की प्रत्येक टाइलमागे ती यादी मागवली जाते.