खेड्यात जाऊन बसलेले प्राध्यापक

"राज्यशास्त्राचे प्राध्यापक म्हणजे निकालाच्या दिवशी टीव्हीवर टक्केवारी सांगणारे" असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं. हसलो, पण अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ जेम्स स्कॉट आठवले.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात प्राध्यापकी, चाळिशी उलटलेली, आणि हा गृहस्थ १९७८ मध्ये मलेशियातल्या केदाह राज्यात, सत्तरेक घरांच्या एका भातशेतीच्या गावात जाऊन राहिला. जवळपास दोन वर्षं! तिथे नुकतीच कापणीयंत्रं आलेली, त्यामुळे गरिबांची कापणी-झोडणीची मजुरी गेलेली. बंड वगैरे काही नाही. फक्त कामात चालढकल, अंधारात गायब होणारं एखादं पोतं आणि पाठीमागे कुचाळक्या. त्या भागातल्या एका गब्बर जमीनदाराला लोक 'हाजी झाडू' म्हणायचे, कारण समोर येईल ते झाडून न्यायचा! हेसुद्धा राजकारणच आहे, हे स्कॉटनी १९८५ च्या 'वेपन्स ऑफ द वीक' या पुस्तकात दाखवलं. १९९८ चं 'सीइंग लाइक अ स्टेट' जास्त गाजलं, पण मला विचाराल तर त्यांचा खरा कस 'वेपन्स ऑफ द वीक'मध्येच दिसतो.

बाकी, कनेटिकटमध्ये स्वतः मेंढ्याही पाळायचे. २०२४ च्या जुलैत गेले, वयाच्या ८७ व्या वर्षी.