इंग्लंडचा राजा रिचर्ड तिसरा: दफन लेस्टरला की यॉर्कला? (कालच्या शेऱ्याला उत्तर)

पारावरचा:
काल इथं एकानं ठोकून दिलं, "तिसरा रिचर्ड यॉर्कचा, लेस्टरनं तो ढापला." ढापायला तो काय छत्री आहे? 22 ऑगस्ट 1485 ला बॉसवर्थच्या लढाईत पडला, लेस्टरला आणून ग्रेफ्रायर्स मठाच्या चर्चमध्ये पुरला, 2012 मध्ये तिथल्याच कार पार्कखाली सापडला. उत्खननात सांगाडा निघाला की जवळच्या पवित्र जमिनीत पुरायचा, हा रिवाज. लेस्टर कॅथीड्रल तिथून हाकेच्या अंतरावर.

ढालकाठी:
रिवाज बेवारस हाडांसाठी. हाडं उकरून काढायचा परवाना 3 सप्टेंबर 2012 चा, तोही "अज्ञात व्यक्तीं"च्या नावानं. ओळख जाहीर झाली 4 फेब्रुवारी 2013 ला. राजा निघाला म्हटल्यावर कुणाला विचारायला नको? यॉर्कच्या मुलखात, मिडलहॅमला वाढलेला माणूस, यॉर्क मिन्स्टर या तिथल्या कॅथीड्रलमध्ये शंभर पुरोहितांची सोय करायला निघाला होता. ती काय उगाच?

पारावरचा:
पुरोहित प्रार्थनेसाठी. "मला इथंच पुरा" असा कागद दाखवा. बायको अ‍ॅन वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत आहे, मग तिथं का नको? आणि परवान्याच्या अर्जातच लिहिलं होतं: रिचर्ड निघालाच, तर लेस्टर कॅथीड्रल, चार आठवड्यांत.

ढालकाठी:
चार आठवडे! लागली अडीच वर्षं.

शंकासुर:
मुळात तो रिचर्डच कशावरून? हाडातल्या कार्बनवरून काढलेली पहिली तारीख 1460 च्या पुढं जात नव्हती. मग "दुरुस्त" केली. सोयीचं आहे.

खापरतुकडा:
दुरुस्ती म्हणजे खाडाखोड नव्हे हो. समुद्रातला कार्बन जुना असतो. मासे खाणाऱ्याच्या हाडात तो उतरतो आणि हाड आहे त्यापेक्षा जुनं भासतं. नायट्रोजन-कार्बनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याचे कमीजास्त वजनाचे अणू) खाण्यात समुद्री मासे किती ते काढायचं, त्या मानानं तारीख पुढं सरकवायची. मग येतं 1450 ते 1540. बसतं की 1485.

शंकासुर:
आणि बापाकडून मुलाला येणारं वाय गुणसूत्र? जुळलंच नाही!

खापरतुकडा:
लपवलंय कुणी? कागदोपत्री रिचर्डच्याच घराण्यातल्या पाचव्या ब्यूफर्ट ड्यूकच्या पुरुषवंशातले पाच जण तपासले, एकही जुळला नाही. मधल्या पिढ्यांत कुठंतरी कागदावरचा बाप आणि खरा बाप वेगळे. मायटोकॉन्ड्रियल डीएनए मात्र आईकडून येतो, तिथं ही भानगड नाही. बहीण अ‍ॅनच्या स्त्रीवंशातले दोघे तपासले: एकाचा तंतोतंत जुळला, दुसऱ्यात एका अक्षराचा फरक. शिवाय बाक आलेला कणा, कवटीवर नऊ जखमा. खड्डा इतका आखूड, की डोकं कडेला टेकून वर राहिलेलं. शवपेटी नाहीच. आता आधार कार्ड मागा.

ढालकाठी:
धागा दफनाचा आहे, जीवशास्त्राचा तास बंद करा.

पारावरचा:
दफनाचा तर दफनाचा. हायकोर्टानं 23 मे 2014 ला निकाल दिला: दफन कुठं यावर सल्लामसलत बंधनकारक नव्हती. ती हवी म्हणून दावा लावणारे प्लँटाजेनेट अलायन्स या गटाचे लोक त्याच्या भावंडांच्या वंशातले. असे वंशज आज लाखोंनी निघतील. मतपेट्या कुठं कुठं ठेवणार होता?

ढालकाठी:
कायद्यानं जिंकलात, घ्या. बंधनकारक नव्हतं म्हणून योग्य होतं असं होत नाही. आणि 26 मार्च 2015 ला पुरलात, त्यावर दगड कुठला ठेवलात? स्वेलडेलचा. यॉर्कशायरचा!

खापरतुकडा:
खालचं जोतं किल्केनीच्या काळ्या दगडाचं आहे. आयर्लंडलाही कळवून टाका.