जुन्या गाडीचा आतला भाग कमी खर्चात सावरायचा आहे. सुरुवात कुठून करावी?

प्रश्न : सेडान_६८

नमस्कार. बरीच वर्षे उभी असलेली १९६८ची चार दारांची सेडान मी पुन्हा चालती केली आहे. इंजिन, ब्रेक आणि वायरिंग यांवर खर्च झाल्यानंतर हाती उरलेली रक्कम तुटपुंजी आहे, आणि आतल्या भागाचे जवळजवळ सगळेच काम बाकी आहे. चालकाच्या सीटचे रेक्झिन शिवणीपाशी फाटले असून आतला फोम हात लावताच पिवळट भुकटी होऊन गळतो. मागची सीट त्या मानाने चांगली आहे. छताचे कापडी अस्तर मागच्या काचेजवळ लोंबू लागले आहे, डॅशबोर्डच्या वरच्या गादीला दोन लांब भेगा गेल्या आहेत, दारांच्या आतले हार्डबोर्ड खालच्या कडेला फुगले आहेत आणि पुढच्या प्रवाशाच्या पायाखालचा गालिचा सतत दमट राहतो.

ज्या कारागिराला गाडी दाखवली त्याने सगळे उपटून नवीन बसवण्याचा सल्ला दिला. तेवढी ऐपत सध्या नाही, शिवाय जे मूळ साहित्य अजून टिकून आहे ते सरसकट टाकून देणे मनाला पटत नाही. घरगुती शिलाई मशीन मला चांगले चालवता येते. उरलेला पैसा आधी कशावर लावावा, आणि कोणती कामे स्वतः केली तर बिघडणार नाहीत, याविषयी अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

उत्तर : पत्रा_आणि_प्रायमर

आपण सर्वात शेवटी लिहिलेली गोष्ट माझ्या मते सर्वात आधी हाती घ्यायला हवी, आणि ती म्हणजे दमट गालिचा. पाणी कुठून येते हे सापडेपर्यंत सीट, गालिचा किंवा दारांचे बोर्ड यांवर एक पैसाही खर्च करू नये, कारण नव्या गालिच्याखाली ओल राहिली तर तो वरून कोरडा दिसत असतानाच खालचा पत्रा कुजत जातो.

दोन्ही पुढच्या सीटा आणि गालिचा बाहेर काढा. त्याआधी बॅटरीची ऋण तार सोडून ठेवा, कारण गालिच्याखालून जाणाऱ्या जुन्या तारांचे आवरण बहुधा कडक होऊन तडकलेले असते. मग एका व्यक्तीला विजेरी घेऊन आत बसवा आणि बाहेरून नळीने मंद धार सोडा. धार खालून वर न्यायची, म्हणजे आधी दाराची खालची कड, मग दाराची काच, मग पुढच्या काचेखालची जाळी आणि शेवटी काचेचे रबर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून एकदमच ओघळते आणि नेमकी जागा कळत नाही. पुढच्या काचेखालच्या पन्हळीत पालापाचोळा साचून तिचे निचऱ्याचे भोक बुजलेले असणे हे जुन्या गाड्यांत फार आढळते, आणि ते मोकळे करायला वाकवलेली तार पुरते.

दारांचे बोर्ड फुगण्याचे कारणही पाणीच आहे. काचेला लागलेले पाणी दाराच्या पोकळीत उतरते आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडते, अशीच मुळात रचना असते. पोकळी आणि हार्डबोर्ड यांच्यामध्ये मेणकागदाचा किंवा प्लॅस्टिकचा एक पडदा असतो. दुरुस्तीच्या वेळी कोणीतरी तो फाडून टाकतो आणि पुन्हा लावत नाही, म्हणून ओल बोर्डात शिरते. जाड पॉलिथिन कापून ब्यूटाइल पट्टीने (चिकट रबरी पट्टीने) चिकटवले आणि त्याची खालची कड दाराच्या आतल्या खाचेत सोडली की हा प्रश्न मिटतो. फुगलेला बोर्ड नव्या हार्डबोर्डवर ठेवून आखून घेता येतो. त्यावरचे मूळ रेक्झिन सावकाश सोडवले तर तेच पुन्हा चढवता येते. नव्या बोर्डाच्या कडांना आणि क्लिपांच्या भोकांना वॉर्निशचे दोन हात दिल्याशिवाय तो बसवू नका.

पत्र्यावर नुसता वरवरचा गंज असेल तर तारेच्या ब्रशने घासून, फॉस्फोरिक आम्लाचे गंजरोधक लावून, वर इपॉक्सी प्रायमर आणि रंग देणे घरी जमते. पेचकसाच्या टोकाने दाबल्यावर पत्रा आत गेला तर मात्र वेल्डिंग लागेल. सीट किंवा सीटबेल्ट जिथे बोल्टने जखडलेले असतात त्या भागाचे वेल्डिंग जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. तिथे काटकसर करणे धोक्याचे आहे. गालिच्याखाली पूर्वी तागाचा किंवा लोकरीच्या चिंध्यांचा नमदा घालत असत आणि तो पाणी धरून ठेवतो. त्याऐवजी बंद छिद्रांचा, पाणी न शोषणारा फोम घालावा.

उत्तर : दुहेरी_शिवण

वरील क्रमाशी मी पूर्ण सहमत आहे, म्हणून फक्त सीट आणि छत यांविषयी लिहिते.

चालकाच्या सीटचे कव्हर उसवण्यापूर्वी खडूने किंवा पेनने प्रत्येक शिवणीवर दर चार बोटांवर आडवी रेघ मारा, अशी की ती दोन्ही तुकड्यांवर उमटेल, आणि प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्या. उसवल्यावर तेच तुकडे तुमचे बेतकागद होतात आणि त्या रेघा जुळवत गेले की वळणावर कापड ओढले जात नाही. एक सावधगिरी मात्र घ्यावी लागते. उन्हाने रेक्झिनमधले मऊपणा देणारे द्रव्य उडून गेलेले असते, त्यामुळे जुना तुकडा कडक होण्याबरोबर थोडा आक्रसलेलाही असतो. त्याच मापाने कापले तर नवीन कव्हर चढताना अपुरे पडते, म्हणून न आक्रसलेल्या मागच्या सीटवर मापे पडताळून पाहा. रेक्झिन एकदा कडक झाले की कोणतेही पॉलिश त्याला पुन्हा मऊ करू शकत नाही, तेव्हा त्या बाटल्यांवर पैसे घालवू नका.

संपूर्ण सीट बदलण्याची गरज मला दिसत नाही. बसण्याचा मधला पट्टा आणि बाहेरची कड एवढेच बहुधा फाटते, पाठीचा भाग शाबूत असतो. मागच्या सीटच्या पाठीमागे किंवा खाली दुमडलेले मूळ रेक्झिन सूर्यप्रकाशाविना राहिलेले असते. मूळ रंग कोणता होता हे तिथेच पाहावे आणि नवीन तुकडा त्याच्याशी न जुळवता आजच्या उतरलेल्या रंगाशी जुळवावा, नाहीतर ठिगळ लगेच नजरेत भरते.

टाका ४ ते ५ मिलिमीटरचा ठेवा. बारीक टाक्यांनी शिवण मजबूत होते ही समजूत कापडापुरती खरी आहे. रेक्झिनवर जवळजवळ पडलेली भोके वहीच्या फाडायच्या पानासारखी रेघ तयार करतात आणि नेमके तिथेच ते फाटते. दोरा पॉलिएस्टरचा जाड घ्या, सुती नको. घरगुती मशीन दोन पदर सहज शिवते, पण पायपिंग (शिवणीत बसवलेली गोल उठावदार कड) आले की चार पदर होतात आणि तिथे ती अडते. तेवढ्या शिवणी कारागिराकडून मारून घ्या, म्हणजे त्याला फक्त शिलाईचीच मजुरी द्यावी लागेल.

भुकटी झालेला फोम वाचत नाही, तो नवीनच हवा. स्प्रिंगा आणि फोम यांच्यामध्ये गोणपाटाचा किंवा जाड कॅनव्हासचा थर जरूर घाला, कारण तो नसेल तर स्प्रिंगांची तारच नवा फोम खालून कापत राहते.

छताला आत्ता हात लावू नका. त्या काळच्या अनेक गाड्यांत अस्तराची कड काचेच्या रबराखाली दाबलेली असते. पाण्याची तपासणी केल्यावर मागच्या काचेचे रबर बदलावे लागले, तर काच निघालेली असतानाच अस्तर ताणून कड पुन्हा चिकटवता येईल. डिंक उष्णता सोसणारा कॉन्टॅक्ट प्रकारचाच घ्या, दोन्ही बाजूंना लावून हाताला चिकटेनासा होईपर्यंत वाळू द्या आणि मगच दाबा. अस्तर पूर्ण उतरवण्याची वेळ आलीच तर छताच्या कमानी तारांवर क्रमांक घाला. प्रत्येकीची लांबी आणि वाक वेगळा असतो.

उत्तर : लाकडी_स्टिअरिंग

डॅशबोर्डच्या भेगांसाठी वरून चिकटवायची तयार टोपी मिळते, पण मी ती सुचवणार नाही. तिचा डिंक काढताना खालची मूळ गादी सोलून निघते आणि परतीचा मार्ग बंद होतो. भेगेच्या कडा धारदार पात्याने तिरप्या कापून त्यात लवचिक फिलर भरावा. कडक पुटी उन्हात पुन्हा तडकते. पूर्वी कोणी सिलिकॉनचे चकाकी देणारे पॉलिश वापरले असेल तर आधी ते पूर्णपणे धुऊन काढा, अन्यथा फिलर आणि रंग दोन्ही धरणार नाहीत. गादीच्या पृष्ठभागाची मूळ खरबरीत नक्षी उमटवण्यासाठी शाबूत कोपऱ्यावरून सिलिकॉन रबराचा छोटा साचा घ्यावा आणि ओल्या फिलरवर दाबावा. भेग अगदी दिसणार नाही अशी अपेक्षा ठेवू नये, पण चालकाच्या जागेवरून ती खटकत नाही.

जुने सीटबेल्ट रंगवू किंवा ब्लीच करू नका. पट्ट्याचे धागे कडेने फुलले असतील तर तो बदलणे हाच उपाय आहे, आणि मर्यादित खर्चातही त्यासाठी रक्कम वेगळी काढावी.

सेडान_६८

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज गालिचा काढून पाहिला. पन्हळीचे भोक खरोखरच बुजलेले होते आणि ते मोकळे केल्यावर नळीच्या धारेने आत थेंबही आला नाही. तरीही हीटरच्या पेटीखालचा नमदा ओला आहे. तो बोटांना बुळबुळीत लागतो आणि त्याला गोडसर वास येतो. हे पावसाचे पाणी नसावे असे वाटते.

उत्तर : पत्रा_आणि_प्रायमर

ते रेडिएटरमधले कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव आहे. हीटरचा छोटा रेडिएटर किंवा त्याच्या नळीचा जोड गळतो आहे. त्यातले इथिलीन ग्लायकॉल विषारी असते आणि गोडसर चवीमुळे मांजरे-कुत्री ते चाटतात, म्हणून नमदा उघड्यावर टाकू नका आणि फरशी भरपूर पाण्याने धुऊन घ्या. आधी नळ्यांचे क्लॅम्प तपासा. जोड कोरडे असूनही गळती राहिली तर हीटरचा तो छोटा रेडिएटर काढून रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याकडे दाबाखाली तपासून घ्यावा. पितळेचा असेल तर तो डाग देऊन बहुधा वाचतो. तोपर्यंत हीटरला जाणाऱ्या दोन्ही नळ्या इंजिनच्या बाजूला एकमेकींना जोडून हीटर वगळता येतो. गाडी चालवता येईल आणि पत्र्याचे काम लगेच सुरू करता येईल. मात्र त्या बाजूचा गालिचा हीटर परत बसवून, गरम इंजिनवर तपासल्याखेरीज अंथरू नका.